आजींच्या घराचे तीन नंबर

फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही हवेली तालुक्यातली गावं. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत ११ गावं आली, त्यांत ही दोन होती. सप्टेंबर २०२४ मध्ये हीच दोन पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. म्हणजे सात वर्षांत इथल्या घरांनी ग्रामपंचायत, महानगरपालिका आणि नगरपरिषद अशी तीन दप्तरं पाहिली. मी त्या तिसऱ्या दप्तरात, घरपट्टीच्या टेबलावर काम करतो.

एक दिवस एक आजी पिशवी घेऊन आल्या. घर स्वतःच्या नावावर करून हवं होतं. यजमान ग्रामपंचायतीच्या काळातच वारलेले, पण पट्टीचं बिल अजून त्यांच्याच नावानं येत होतं. पिशवीत ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीचा, उतारा होता आणि महानगरपालिकेचं बिल. उताऱ्यावरचा घर क्रमांक वेगळा, बिलावरचा मिळकत क्रमांक वेगळा, आणि आमच्या यादीत तिसराच. एवढंच असतं तर भागलं असतं. पण उताऱ्यात ‘दगड-मातीचं घर, वर पत्रा’ आणि बिलात आरसीसी बांधकाम. मुलांनी जुनं घर पाडून तिथंच नवं बांधलं होतं. क्षेत्रफळही जुळेना.

आजी म्हणाल्या, “नंबर बदलला म्हणून घर दुसऱ्याचं होतंय का साहेब?”

नाही होत. पण हे घर तेच आहे, हे कागदावर दिसल्याशिवाय माझ्या साहेबांची सही होत नाही, आणि ती तशी होऊही नये. उद्या भाऊबंदांत वाद उभा राहिला तर आजींना हाच कागद वाचवणार.

जेवण उरकून स्थळपाहणीला गेलो. वाट एका गोष्टीमुळे सापडली: ग्रामपंचायतीचे घर क्रमांक आळीत ओळीनं पडलेले होते. आजींच्या अलीकडचं आणि पलीकडचं, दोन्ही घरं जुनीच. त्यांच्या उताऱ्यांवर आजींच्या जुन्या क्रमांकाच्या आधीचा आणि नंतरचा क्रमांक निघाला. मधे दुसरं घर बसायला जागाच नव्हती. टेप लावून मापं घेतली, पंचनामा लिहिला, दोन्ही शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. पलीकडच्या काकांनी तर पायाभरणीच्या दिवसाचे फोटोही मोबाइलमध्ये काढून दाखवले.

हद्दवाढीची चर्चा होते ती पाणी, कचरा डेपो आणि वाढीव कर यांची. ती व्हायलाच हवी. कचऱ्याच्या वासात या दोन गावांनी वर्षानुवर्षं काढली आहेत. पण गाव एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत जातं तेव्हा नोंदवह्याही जातात, आणि नव्या वहीत जुना क्रमांक लिहिलेला नसला तर म्हाताऱ्या माणसाला आपल्याच घराचा पुरावा गोळा करत फिरावं लागतं. म्हणून त्याच संध्याकाळी मी साहेबांकडे टिपणी ठेवली: प्रत्येक मिळकतीपुढे आधीचे दोन्ही क्रमांक लिहायचे, त्यासाठी वेगळा रकाना. साहेबांनी होकार दिला.

आजींची वारस नोंद रीतसर झाली. फुरसुंगीच्या जुन्या आळ्यांचे क्रमांक आता भरत आलेत. उरुळीचे गठ्ठे अजून उघडायचे आहेत.