गामे जरा थंड करून प्या

रेड वाईन म्हणजे जड, जीभ कोरडी करणारी, असं वाटत असेल तर फ्रान्सच्या बोजोले भागातली गामे (त्याच नावाच्या द्राक्षाची रेड वाईन) जरूर चाखा. मला तिथल्या मोर्गों गावची एक बाटली मिळाली आणि मी हरखूनच गेले. आधी चेरीचा वास, ग्लासात जरा वेळ राहिल्यावर ओल्या मातीचा. टॅनिन (जीभ कोरडी करणारा घटक) हलकं, आंबटपणा मात्र तरतरीत. तिथे बरेचदा द्राक्षं न चिरडता अख्ख्या घडांसकट आंबवतात, तो ताज्या फळांचा गंध त्यातूनच येतो. १३९५ मध्ये शेजारच्या बर्गंडी प्रांताच्या ड्यूक फिलिपने गामेचे वेल उपटून टाकायचा हुकूम काढला होता! मला तो निव्वळ अन्याय वाटतो. पिण्याआधी बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा, १३-१४ अंशांना चव खुलते. बोजोलेतल्याच फ्लरी गावची गामे मिळाली तर तीही घ्या. ती आणखी नाजूक, फुलांच्या वासाची.