काकूंचा गंधार आणि एक स्क्रू

रविवार, रात्री अकरा

कीबोर्ड आत्ता बदलायचा की थांबायचं, हा भुंगा दोन महिने डोक्यात आहे.

गुरुवारच्या भजनात तर पंचाईतच झाली. काकूंची पट्टी काळी चार, म्हणजे त्यांचा सा चौथ्या काळ्या पट्टीवर, आणि त्यांचा शुद्ध गंधार माझ्या पांढरी एकवर. नेमकी तीच कधी मुकी, कधी एकदम किंचाळते. ट्रान्सपोझ करून (बटणाने सूर सरकवून) काळी एकमध्ये वाजवायला घेतलं, तर तीच निषाद होऊन आडवी आली! काकू बोलल्या काहीच नाहीत, फक्त वळून बघितलं.

काल इथे वडोदऱ्यात दांडिया बाजारात भाजी घेऊन तशीच रावपुऱ्यातल्या दुकानात शिरले. यामाहाचा पीएसआर-ई४७३ वाजवून पाहिला. एका वेळी ६४ स्वर, माझ्यात ३२. हींचचा, म्हणजे गरब्याचा, ठेका आणि स्वर लांबवणारं पेडल दोन्ही चालू असलं की माझा आधीचे स्वर गिळून टाकतो. पण जीव अडकला तो स्वर वरखाली सरकवणाऱ्या पिच बेंडच्या चाकात. कोमल रिषभावरून षड्जावर घसरत आले आणि पिशवी हातात धरून तिथेच उभी राहिले. पेटीला मींड, म्हणजे असं स्वरावरून स्वरावर घसरणं, नाही, हे दुखणं जुनंच. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं, त्यातही हा आक्षेप होताच.

दुकानदार म्हणाला, "बेन, उतावळ ना करो." विकणाऱ्याने असं म्हणावं!

चिरंजीवांचं म्हणणं, ई४६३ आला २०१८ मध्ये, ई४७३ २०२२ मध्ये, म्हणजे पुढचा आता येतच असणार, थांब. हे मला पटत नाही. असं थांबत राहिलं तर माणूस कधीच काही घेत नाही. माझी अडचण वेगळी आहे. गणपती तोंडावर आलेत आणि जुन्यावर कुठलं बटण कुठे, ते मला अंधारातही कळतं. नव्याची ओळख मांडवात, माइकसमोर करून घ्यायची माझी तयारी नाही.

म्हणून आज दुपारी जुना उलटा केला आणि उघडला. आत वाटीभर धूळ, एक टाचणी, उदबत्तीची राख. प्रत्येक काळी-पांढरीखाली रबराच्या दोन टिकल्या, आतून कार्बन लावलेल्या. आधी एक टेकते, मग दुसरी. मधला वेळ मोजून यंत्र ठरवतं, बोट किती जोरात पडलं ते. म्हणजे पांढरी एकचं किंचाळणं हा सगळा धुळीचा प्रताप. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला इअरबड हलकेच फिरवला, वाळू दिलं, बंद केला.

गंधार लागला. हळू दाबला तर हळू, जोरात तर जोरात.

३२ चे ६४ काही झाले नाहीत, चाकही उगवलं नाही. दसऱ्यानंतर पुन्हा जाईन रावपुऱ्यात, तोवर नाही. मात्र एक स्क्रू उरलाय. कुठला ते उद्या बघते.