तुम्ही विचारलंत म्हणून: दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये काय काय टाकलंय

"ताई, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये असं काय टाकलं हाय जी? आमच्या घरी तं हे कामच होऊन नाही राहिलं."

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकाजवळ माझं डीटीपी (पत्रिका-पत्रकांची कॉम्प्युटरवर मांडणी) आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. तेव्हा काउंटरवर गर्दी असते, मी "निवांत या कधी, सांगते" म्हणते, आणि तो निवांतपणा काही मिळत नाही. म्हणून आज बसून लिहिते आहे.

माझा कॉम्प्युटर भारी नाही. आठ वर्षं जुना आहे, रॅम ८ जीबी. त्यात आठेक छोटी सॉफ्टवेअर आहेत, एकेक काम करणारी. काही तर दोन एमबीच्या आसपास आहेत, म्हणजे तुमच्या मोबाईलच्या एका फोटोपेक्षाही लहान.

मागच्या पावसाळ्यात उमरेडहून एक मुलगा आला होता. बँकेच्या परीक्षेचा फॉर्म, शेवटचा दिवस. त्या फॉर्मला फोटो २० ते ५० केबीचा लागतो, सही १० ते २० केबीची, डाव्या अंगठ्याचा ठसा परत २० ते ५० आणि हाताने लिहिलेलं घोषणापत्र ५० ते १०० केबी. त्याच्याजवळ मोबाईलवर काढलेला ४ एमबीचा फोटो. सकाळपासून तो त्यालाच लागला होता. "ताई, कमी केला तं लय कमी झाला म्हणते, वाढवला तं मोठा झाला म्हणते." एका ॲपनं फोटो इतका दाबला होता की डोळे कुठे आणि भुवया कुठे ते कळत नव्हतं.

मी इरफानव्ह्यू उघडलं. इरफान श्किल्यान नावाच्या मूळच्या बोस्नियाच्या माणसानं ऑस्ट्रियात राहून केलेलं हे सॉफ्टवेअर १९९६ पासून चालू आहे. फोटोवर माउसनं चौकट ओढली, कंट्रोल आणि वाय दाबून तेवढाच भाग ठेवला. मग कंट्रोल आणि आर दाबून लांबी-रुंदी २०० बाय २३० केली. बहुतेक जण चुकतात ते इथेच. फोटो तेवढाच मोठा ठेवून क्वालिटीचा काटा खाली ओढत राहतात, त्यानं चेहऱ्यावर चौकटी उमटतात. आधी आकार कमी करा, मग क्वालिटीला हात लावायची वेळच सहसा येत नाही. नेमके इतके केबी हवेत असं असेल तर जेपीजी सेव्ह करताना तो आकडा टाकायची सोय आहे. त्यासाठी इरफानव्ह्यूसोबत प्लगइन्सचा, म्हणजे जादा सोयींचा, वेगळा संच मिळतो, तोही टाकून ठेवावा. मुलाची सही पांढऱ्या कागदावर काळ्या पेननं नव्यानं घेतली, ठसा घेतला आणि दहा मिनिटांत चारही फाइली तयार झाल्या. तो खुर्चीत मागे टेकून बसला तेव्हा मला कळलं की तोवर तो नुसता काठावर बसला होता.

इरफानव्ह्यू घरगुती वापराला फुकट आहे. दुकानासाठी परवाना घ्यावा लागतो, मी घेतला आहे. ज्या माणसाच्या मेहनतीवर माझं काम चालतं त्याला त्याचे पैसे गेलेच पाहिजेत. आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, फोटो म्हणून नको. फोटो म्हणून पाठवला की तो वाटेतच दाबला जातो आणि मग माझ्या हातात काही उरत नाही.

दुसरा प्रश्न असतो, दोन वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका मी दोन सेकंदांत कशी काढली. गिऱ्हाईक म्हणतं, "आमच्या मोठ्या पोरीच्या वेळेची असन तुमच्याजवळ." मी फक्त आडनाव टाइप करते. ते सॉफ्टवेअर म्हणजे एव्हरीथिंग. विंडोजचा स्वतःचा शोध बऱ्याचदा गोल गोल फिरत राहतो आणि हे अक्षर टाइप करता-करताच यादी दाखवतं. कारण साधं आहे. हार्ड डिस्कवर विंडोज सगळ्या फाइलींच्या नावांची एक नोंदवही ठेवत असतं. एव्हरीथिंग एकेका फोल्डरात शिरत बसत नाही, थेट ती वही वाचतं. लग्नात कोणी काय आहेर दिला हे बघायला आपण पाहुण्यांच्या घरोघरी जात नाही, आहेराची वही उघडतो, तसंच.

ते फाइलीचं नाव शोधतं, आतला मजकूर नाही. म्हणून नाव धड द्यायची सवय हवी. माझ्याकडे प्रत्येक फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग आडनाव, मग काम असतं. "नवीन फायनल", "नवीन फायनल २" अशा नावांपुढे कोणतंच सॉफ्टवेअर काही करू शकत नाही. डिस्क भरली की मी विझट्री लावते. तेही हीच वही वाचतं आणि कोणत्या फोल्डरानं किती जागा खाल्ली ते काही क्षणांत दाखवतं. एका काकांच्या लॅपटॉपमध्ये लग्नाचा एकच व्हिडिओ तीन ठिकाणी निघाला. ते नवा लॅपटॉप घ्यायच्या बेतात होते.

आता फॉन्टचं. यावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण नागपुरात हे दुखणं फार आहे. हिंदी पट्टा लागून असल्यानं इकडे वर्षानुवर्षं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइपिंग झालं, काही ठिकाणी श्रीलिपीत. महिन्यातून एकदा तरी कोणी निवृत्त गुरुजी पेन ड्राइव्ह घेऊन येतात. आत त्यांचं आयुष्यभराचं लेखन असतं आणि उघडलं की नुसता इंग्रजी अक्षरांचा खच. "काहून असं दिसून राहिलं, बाई? खराब झालं का सगळं?" त्यांच्या आवाजातली भीती ऐकवत नाही.

खराब काहीच झालेलं नसतं. कृतिदेवमध्ये तुम्ही "राम" टाइप केलं की कॉम्प्युटर आत साठवतो इंग्रजीतली जे, के आणि ई ही तीन अक्षरं. त्यांच्या अंगावर देवनागरीचं रूप चढवतो तो फॉन्ट. ज्या मशीनमध्ये तो फॉन्ट नाही तिथे रूप उतरतं आणि इंग्रजी उघडं पडतं. युनिकोड या आताच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत मात्र र, काना आणि म हे खरोखरच र, काना आणि म म्हणून साठवले जातात, म्हणून ते मोबाईलवर दिसतं, मेलमध्ये दिसतं, शोधलं तर सापडतं.

कृतिदेवचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर आहेत. मी वापरते ते एकाच वेबपानाचं आहे. ते सेव्ह करून ठेवलं आहे, इंटरनेट बंद असलं तरी चालतं. पण कन्व्हर्ट झालं की काम संपलं असं समजू नका. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि युनिकोडमध्ये अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचं उलट आहे. "धर्म" मधला रफार घ्या. कृतिदेवमध्ये तो "म" नंतर येतो, युनिकोडमध्ये "म" च्या आधी. कन्व्हर्टरला या उड्या माराव्या लागतात आणि जोडाक्षर आलं की तिथेच तो अडखळतो. मराठीत आणखी एक खास जागा आहे, "दुसऱ्या", "सुऱ्या" यांतला आडवा रफार. त्याचा नुसता "र्य" होऊन बसतो. "दुसर्या" छापून आलेली पत्रिका मी स्वतःच्या दुकानातून बाहेर जाऊ देत नाही.

म्हणून कन्व्हर्ट केलेला मजकूर मी नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडते. डॉन हो यांनी २००३ साली काढलेला हा साधा मजकुराचा संपादक आहे. त्यात ठरलेल्या चुकांची माझी यादी आहे, शोधा आणि बदला, शोधा आणि बदला. एका गुरुजींची ३०० पानं अशी तीन संध्याकाळी बसून काढली. शेवटच्या दिवशी ती त्यांच्या मोबाईलवर पाठवली. त्यांनी तिथेच उभं राहून पहिलं पान मोठ्यानं वाचलं आणि माझ्याकडची बाकी दोन माणसं आपलं काम विसरून ऐकत राहिली.

नवीन लिहिणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, सुरुवातच युनिकोडमध्ये करा. २०१९ पासून विंडोज १० मध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड, म्हणजे इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा, आतच मिळतो. सेटिंगमध्ये जाऊन मराठी भाषा जोडायची आणि विंडोज बटण दाबून स्पेस दाबली की इंग्रजीतून मराठीत. जे रोज टाइप करणार आहेत त्यांनी मात्र इन्स्क्रिप्ट हा मराठी अक्षरांचा कीबोर्ड शिकावा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. पंधरा दिवस त्रास होतो, नंतर हात आपोआप चालतो.

यानंतरची गोष्ट सांगायला मला जड जाते. काही वर्षांपूर्वी एक बाई आल्या, कोर्टाची कागदपत्रं जोडून एकच पीडीएफ करायची होती. मी तेव्हा ते काम एका वेबसाइटवर करत असे. फाइली ओढून टाकल्या, निळी पट्टी पुढे सरकत गेली. त्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "ताई, हा कागद आता कुठी गेला?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांच्या घटस्फोटाचे कागद होते ते. ते कोणत्या देशातल्या कोणत्या मशीनवर गेले, तिथून पुसले जातात की राहतात, यातलं मला काहीच माहीत नव्हतं, आणि हे काम मी रोज पन्नास जणांच्या कागदांचं करत होते. आधार, पॅन, सात-बारा, पगाराच्या स्लिपा.

त्या रात्री मी पद्धत बदलली. आता पीडीएफ जोडणं, तोडणं, पानं फिरवणं हे सगळं पीडीएफसॅम बेसिकमध्ये करते. दाबून लहान करायची असेल तर पीडीएफ२४ ची कॉम्प्युटरवर टाकायची आवृत्ती आहे. दोन्ही फुकट आहेत आणि फाइल दुकानाबाहेर जात नाही. नेटची वायर काढून बघा, काम चालूच राहतं. कोणाला कागदपत्रं मेलवर पाठवायची असतील तर सेव्हन-झिप या फाइलींचं गाठोडं करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड घालून बांधते आणि पासवर्ड फोनवर सांगते. आधारची प्रत फक्त ओळख दाखवायला हवी असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करून देते, त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. ही सोय सरकारनंच दिली आहे आणि गिऱ्हाइकांना ती माहीतच नसते, याचं मला वाईट वाटतं.

याच कारणानं विंडोज आणि व्ही या बटणांबद्दल सांगते. एकदा चालू केलं की तुम्ही कॉपी केलेल्या शेवटच्या २५ गोष्टी तिथे राहतात, एकच नाव आणि पत्ता दहादा टाइप करायची गरज राहत नाही. फॉर्म भरताना याचा फार उपयोग होतो. पण त्यात लोकांचे आधार नंबरही राहतात, म्हणून दर गिऱ्हाइकामागे "क्लिअर ऑल" दाबते. ऑफिसात एकच मशीन चार जण वापरत असाल तर तुम्हीही दाबा.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा मी सकाळी शटर उघडलं की आधी क्रिस्टलडिस्कइन्फो बघते. डिस्कचं तापमान आणि तब्येत दोन्ही एकाच खिडकीत. निळं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे सावध, लाल म्हणजे गेली. एका वैशाखात, ऐन लग्नसराईत, पिवळं दिसलं. मशीन झकास चालू होतं, आवाज नाही, काही नाही. तरी त्याच रात्री सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतलं. अकराव्या दिवशी ती डिस्क उठलीच नाही. त्या वेळी माझ्याकडे चाळीसेक पत्रिकांचं काम होतं.

न टाकण्याच्या गोष्टी थोडक्यात सांगते. कॉम्प्युटर फास्ट करतो म्हणणारे, रॅम वाढवतो म्हणणारे, ड्रायव्हर आपोआप अपडेट करतो म्हणणारे, यातलं माझ्याकडे एकही नाही. घरी बिघडलेली जी मशीनं माझ्याकडे येतात, त्यांतल्या बहुतेकांत यातलं एक तरी असतं.

लोक म्हणतात, तुमची ही सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर कॉपी करून द्या. ते मी करत नाही. माझ्याकडची आवृत्ती जुनी असू शकते, आणि सेव्हन-झिपसारखी सॉफ्टवेअर स्वतःहून अपडेट होत नाहीत, नवी आवृत्ती आपणच आणावी लागते. गुगलवर नाव टाकलं तर वर जाहिराती येतात आणि मोठं हिरवं डाउनलोड बटण बऱ्याचदा दुसऱ्याच कशाचं असतं. मी स्वतः एकदा तसं बटण दाबून पूर्ण दिवस घालवला आहे. म्हणून चिठ्ठीवर खरा पत्ता लिहून देते. एव्हरीथिंगसाठी व्हॉइडटूल्स डॉट कॉम. सेव्हन-झिपसाठी मधल्या रेघेसकट आकडा सात, झिप, डॉट ओआरजी. सेव्हन-झिपच्या पत्त्यात शेवटी कॉम असेल तर परत फिरा. चिठ्ठी घ्यायला कधीही या, गर्दी असली तरी. ती लिहायला मला एकच मिनिट लागतं.