बेलडोंगरीचा चिपकणारा दगड

मँगनीजची खनिजं सहसा लोहचुंबकाला दाद देत नाहीत. नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीच्या मँगनीज खाणीतलं व्रेडेनबर्गाइट नावाचं खनिज देतं, आणि जोरात देतं. ते हातात घेऊन पाहायचं म्हणून डिसेंबरात गेलो.

सकाळी गणेशपेठहून रामटेकची एसटी धरली, मनसरला तर्री-पोहे खाल्ले आणि पुढे मित्राच्या मोटारसायकलवर. खाणीत जायचा लेखी अर्ज आधीच मंजूर करून घेतला होता. त्याशिवाय निघूच नका. बंद बूट हवेतच, हेल्मेट तिथे मिळालं. उन्हाळ्यात मात्र हा बेत नको.

ढिगाऱ्यावर सगळंच काळं. दोरीला बांधलेला चुंबक एकेका दगडाजवळ धरत होतो आणि तो नुसता लोंबकळत होता. सोबतचे कामगार काका म्हणाले, “इकडचा पाहा भाऊ, हा चिपकते.” चुंबक टकदिशी बसला! तुकडा मुठीएवढा, पण हाताला ओढ लावणारा. पाण्याच्या साधारण पावणेपाच पट जड. ताज्या फुटीवर पोलादी चमक, मधूनच काशासारखी झाक. चाकूचा ओरखडा उठत नाही. मॅग्नेटाइट हे लोखंडाचं काळं खनिजही चुंबकाला चिकटतं, म्हणून चिनीमातीच्या फरशीच्या खरखरीत पाठीवर घासून पाहा: मॅग्नेटाइटची रेघ काळी, याची गडद तपकिरी.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फर्मर यांनी भारतातल्या मँगनीजवर १९०९ साली मोठा ग्रंथ काढला. आपले सहकारी व्रेडेनबर्ग यांचं नाव त्यांनीच या खनिजाला दिलं. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की हे एक खनिज नाहीच. खूप तापलेलं असताना एकजीव असलेलं द्रव्य सावकाश निवताना दोन खनिजांत फुटतं, जेकोबसाइट आणि हॉसमनाइट, आणि दोघांच्या बारीक पट्ट्या एकमेकींत विणल्या जातात. चुंबकाला ओढतं ते लोह असलेलं जेकोबसाइट. स्वतंत्र खनिज म्हणून व्रेडेनबर्गाइटचं नाव खनिजांच्या यादीतून गेलं, पण मला तर त्यामुळेच हा दगड जास्त मोलाचा वाटतो. खडक कसा निवत गेला ते त्या पट्ट्यांत टिकून आहे.

तुकडा तिथेच ठेवला. न विचारता काही उचलू नका. चुंबक आधीच प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा. मी तो उघडाच वापरला, आणि त्यावर बसलेली काळी भुकटी घरी येऊन तासभर खरवडली तरी पुरती निघाली नाही.