काळ्या बगळ्यासाठी दोन ओहोट्या

गेल्या हिवाळ्यात मी अलिबागजवळच्या आक्षीला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा एकाच पक्ष्यासाठी गेलो. हा पक्षी म्हणजे समुद्री बगळा. बगळा म्हटले की आपल्या मनात शुभ्र पंखच येतात. पण या जातीत दोन रंगरूपे आढळतात, एक पांढरे आणि दुसरे शाळेतल्या दगडी पाटीसारखे काळपट राखाडी. हा फरक वयाचा नाही आणि नर-मादीचाही नाही, तो जन्मजात असतो. मला काळा हवा होता. त्याच्या गळ्यावर मात्र पांढरा पट्टा असतो, आणि छायाचित्र काढणाऱ्याची खरी परीक्षा त्या चार बोटांच्या पांढऱ्या रंगापाशीच होते.

पहिल्या खेपेला मी सुट्टी पाहून निघालो, तिथी पाहिली नाही. कोकणात भरतीचा हिशेब सोपा असतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारणपणे कळते. त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे आठाची पाऊणपट सहा. पहाटे सुरूच्या बनातून किनाऱ्यावर उतरलो तेव्हा भरती पुरती चढलेली होती आणि बगळ्याला उभे राहायला जागाच नव्हती. ओहोटी लागून खडक उघडे पडेपर्यंत सूर्य डोक्यावर आला. मग बगळा आला, मीही शंभरेक छायाचित्रे काढली. पण घरी संगणकावर पाहतो तर चकाकत्या ओल्या वाळूवर काळा कागद कापून चिकटवावा तसा आकार, त्यात ना पिसे ना डोळा. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते. उजळ वाळूने चौकट व्यापली की ते प्रकाश कमी करते आणि काळा पक्षी अधिकच काळवंडतो. उलट पक्ष्यानेच चौकट व्यापली की ते प्रकाश वाढवते, बगळा राखेसारखा फिका दिसतो आणि गळा पांढरा फटक पडतो. मी एक्स्पोजर, म्हणजे आत घेतला जाणारा प्रकाश, वाढवून पाहिले होते, नाही असे नाही, पण माथ्यावरच्या उन्हात गळ्याचा तपशील आधी जातो आणि छातीखालची सावली तरीही उजळत नाही.

दुसऱ्या खेपेला पंचांग उघडून माघ शुद्ध प्रतिपदा निवडली. आदल्या संध्याकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो आणि रात्री आक्षीत मुक्काम केला. अमावास्येच्या आसपास उधाण असते, त्यामुळे पाणी जितके चढते तितकेच लांबवर ओसरते. प्रतिपदेच्या एकाची पाऊणपट पाऊण: रात्री पाऊणच्या सुमाराला भरती, म्हणजे सहा तासांनी सकाळी पावणेसातच्या आसपास पूर्ण ओहोटी आणि तिच्या पाठोपाठ सूर्योदय.

पाणी इतके आत गेले होते की बगळा कडेला ठिपक्याएवढा दिसत होता. मी त्याच्याकडे चालू लागलो, तेव्हा जाळे आवरत असलेल्या एका वयस्कर कोळी काकांनी मला थांबवले. पक्ष्याच्या मागे गेलो तर तो आणखी लांब जाईल, उलट भरतीच्या पाण्याबरोबर तो आपणहून मागे सरकत येतो, असे त्यांचे म्हणणे होते. मी सूर्याकडे पाठ करून एका उथळ पाणथळीशेजारी ओल्या वाळूत पालथा झोपलो, लेन्स वाळूपासून वीतभर उंचीवर ठेवली आणि वाट पाहू लागलो. डावीकडे कालवफोड्यांचा एक थवा उतरला. काळ्या-पांढऱ्या अंगाचे आणि लालभडक चोचीचे हे पाहुणे मोह पाडणारे खरे, पण लांबून आलेल्या त्या पक्ष्यांच्या न्याहरीत व्यत्यय आणावासा वाटला नाही.

पावणेआठच्या सुमाराला बगळा खरोखरच आला. तो स्थिर उभा राहणारा शिकारी नव्हे: एक पाय पुढे टाकून तळचा गाळ थरथरत ढवळायचा, मासळी हलली की दोन-तीन पावले धावायचे, मध्येच पंख उघडून पाण्यावर सावली धरायची. मी आधीच प्रकाशमापन कॅमेऱ्याकडून काढून स्वतःच्या हाती घेतले होते. शटर सेकंदाचा सोळाशेवा भाग उघडे, लेन्सचे छिद्र एफ ६.३, प्रकाशाची संवेदनक्षमता म्हणजे आयएसओ ८००. गळ्याचा पांढरा पट्टा जेमतेम जळणार नाही, म्हणजे तपशील जाऊन कोरा पांढरा होणार नाही, इतकाच प्रकाश घेतला आणि सगळी छायाचित्रे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात ठेवली, त्यामुळे अंगावरच्या गडद छटा नंतर हलकेच उचलता येतात. काळ्या पिसांवर कॅमेऱ्याचा फोकस घुटमळतो, म्हणून फोकसचा बिंदू पिवळसर डोळ्यावर धरून ठेवला. तिरप्या उन्हात तो पक्षी मुळी काळा दिसतच नव्हता. मानेवर निळसर झाक होती, पाठीवरच्या लांब पिसांच्या कडा करड्या होत्या आणि भिजलेल्या पोटाखाली जवळजवळ जांभळी छटा होती.

नऊनंतर तापलेल्या वाळूवरून हवा लहरू लागली. तोवर पाणी माझ्या कोपरांपर्यंत पोचले होते. लेन्स वाचवायला मी उठून बसलो आणि बगळा एक कर्कश आवाज काढून खाडीच्या मुखाकडे उडून गेला. दोनशे चाळीस छायाचित्रांपैकी सात ठेवली. त्यांतल्या एकात पाय उचललेला आहे, पंजाची पिवळी बोटे पाण्याबाहेर आहेत आणि गळ्याचे पीस न् पीस मोजता येते.