फणसाड: कामठ्याच्या टप्प्यात

मुरूडच्या मागचं फणसाड म्हणजे जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं राखीव रान. 1986 साली त्याचं अभयारण्य झालं. शिकार बंद पडली, पण शिकाऱ्याची विद्या इथं अजून उपयोगी पडते. बंदूकवाल्याचं काम शंभर मीटरवरून भागतं. कामठेवाल्याला, म्हणजे धनुष्यबाणवाल्याला, मात्र पंधरा-वीस पावलांत शिरावं लागतं. भेकरासारख्या लहान हरणाचा चांगला फोटोही त्याच टप्प्यात मिळतो.

सुपेगावच्या फाटकावर परवानगी आणि वाटाड्या, दोन्ही घ्यायचं. एप्रिल-मेमध्ये ओढे आटले की जनावरं चिखलगाण, धरणगाण अशा पाणवठ्यांवर येतात. तिथं सगळा खेळ वाऱ्याचा. दिवसा वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. म्हणून पाण्याच्या पूर्वेला बसा. कापडाच्या पुरचुंडीत राख ठेवा आणि अधूनमधून चिमूटभर सोडून बघा. झाडीत वारा भोवरे घेतो, पानांवरून त्याचा अंदाज येत नाही.

नवखे फसतात ते दिवस मावळताना. समुद्रावरचा वारा पडतो, उतार गार होतो आणि जड हवा घळीतून खाली वाहू लागते. दुपारी उत्तम वाटलेली उतारावरची जागा आता तुमचा वास थेट पाण्यावर नेऊन सोडते. सांबर मग येतच नाही, आणि दोष मोबाईलच्या आवाजाला लागतो. मचाण मिळालं तर वास पुष्कळदा वरून निघून जातो. उंचीचा खरा फायदा हाच.

अत्तर, साबण, ओडोमॉस यांतलं काही नको. पँट मोज्यात खोचा, गोचिडी चढतात. वानरांची इशाऱ्याची ओरड किंवा भेकराचं भुंकणं ऐकू आलं तर बिबट्या जवळ असू शकतो, उठू नका. डुकरीण पिल्लांसह दिसली तर वाट तिची. तिच्या आणि पिल्लांच्या मधे तर कधीच जाऊ नये.

कामठ्याचा हात बसवायचा तो रानाबाहेर, गवताच्या भाऱ्यावर. कामठा करायला माणग्यासारखा भरीव बांबू घ्या, तीन वर्षांचा तरी जून, पाऊस सरल्यावर तोडलेला. त्यात भुंगा कमी लागतो. महिनाभर सावलीत वाळवून सुमारे पाच फुटांची पट्टी काढा. हिरवी साल निशाणाकडे येते आणि तिला कोयता लावायचा नाही, कारण ताण तीच सोसते. तासायचं पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूनं, मुठीशी जाड ठेवून टोकांकडे निमुळतं. दोरी थोडी ओढून बघा. जी बाजू कमी वाकते तिच्यातूनच एखाद-दुसरा पापुद्रा काढा. इथं घाई केली की कामठा मोडू शकतो.

तीर न लावता दोरी ओढून सोडणं हा पोरांचा आवडता खेळ. त्यात सगळा जोर बांबूतच जिरतो आणि चीर जाते. काम झालं की दोरी उतरवा. किनाऱ्याच्या दमट हवेत ताणलेला कामठा वाकलेलाच राहतो.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात जनावर हाकणं, आमिष लावणं, नुसता प्रयत्न करणं हेही शिकारीतच धरलं आहे. परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेणं हा वेगळा गुन्हा. तेव्हा तीरकामठा मुक्कामाच्या घरीच ठेवा, गाडीच्या डिकीतसुद्धा नको.