हिरवळीखालचं काम

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये पहिल्यांदा गेले तेव्हा माझं लक्ष झाडांपेक्षा जमिनीकडेच जास्त होतं. लँडस्केपच्या कामात इतकी वर्षं काढल्यावर ही सवयच होऊन जाते. आदल्या रात्री धो धो पाऊस पडून गेला होता, गवत ओलं होतं, पण पाय रुतेल अशी जागा कुठे सापडली नाही.

मूळची ती जागा खडकाळ आणि दलदलीची. १८५८ साली ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या रचनाकारांचा बागेचा आराखडा निवडला गेला. मग सुरुंग लावून खडक फोडले, बाहेरून माती आणली, आणि जॉर्ज वॉरिंग या अभियंत्याने जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्यांचं जाळं टाकून दलदलीचा निचरा केला. तिथला एकही तलाव निसर्गाने दिलेला नाही. ‘गिल’ नावाचा सुंदर ओढा तर नळ बंद केला की थांबतो! (याच जागेवरची सेनेका व्हिलेज ही मुख्यतः कृष्णवर्णीयांची वस्ती १८५७ मध्ये उठवली गेली. बागेचं कौतुक करताना मला ते विसरवत नाही.)

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या वाळवंटातल्या नव्या शहरांच्या बैठका. दर दोन बैठकांमागे कुणीतरी त्याच हिरवळीचा फोटो पुढे करतं आणि म्हणतं, ‘असंच हवं.’ पण सेंट्रल पार्ककडून घ्यायचं ते गवत नव्हे, गवताखालचं काम, असं मला अगदी मनापासून वाटतं.

हे मी चूक करून शिकले. आखातातल्या एका प्रकल्पात मी रस्त्याकडेला गाफची रांग काढली होती. गाफ म्हणजे आपली शमी, अमिरातीचं राष्ट्रीय झाड. पाण्याच्या शोधात तिची मुळं तीस-तीस मीटर खोल जातात, म्हणून मी निर्धास्त होते. दोन उन्हाळ्यांनंतर पाहणीला गेले तर एका वादळी वाऱ्यात तीन झाडं आडवी झालेली. उपटलेला बुंधा जवळून पाहिला. मुळं ताटासारखी पसरट, जेमतेम दोन वीत खोल. ठिबकचं पाणी रोज तिथल्या तिथे मिळत असल्यावर मुळं खाली कशाला जातील? आणि ओल जिथे संपत होती तिथे मातीवर मिठाचं पांढरं कडं उमटलं होतं. बोटाने खरवडलं तर खपली निघाली. मीठ खाली धुऊन न्यायला तिथे पाऊस जवळजवळ नाहीच. अधूनमधून भरपूर पाणी सोडायचं आणि झाड वाढेल तशी ठिबकची नळी बुंध्यापासून लांब सरकवायची, एवढं देखभालीच्या कागदात लिहायला हवं होतं. मी झाडांची नावं आणि अंतरं लिहून थांबले होते.

त्यानंतर कैरोचं अल-अझहर पार्क बघताना मी वेगळ्याच डोळ्यांनी बघितलं. शेकडो वर्षं गावाचा राडारोडा जिथे पडत आला तो हा उकिरडा. माती इतकी खारट की तिच्यात थेट काही लावण्याची सोय नव्हती, त्यामुळे आधी तिच्यावर चांगल्या मातीचे थर द्यावे लागले. त्यात शहराला पाणी पुरवणाऱ्या, प्रत्येकी ८० मीटर व्यासाच्या तीन टाक्या जमिनीत बसवायच्या होत्या. त्या बागेच्या पोटात घेतल्या. खोदकामात सलाहुद्दीनच्या काळातली बाराव्या शतकातली तटबंदी लागली, सुमारे दीड किलोमीटर. २००५ मध्ये बाग खुली झाली. संध्याकाळी तिथे आलेली कुटुंबं बघताना पायाखाली टाक्या आहेत हे मलाच पुन्हा पुन्हा आठवत होतं.

अबुधाबीजवळ नव्याने आखलेल्या मसदार या शहरात झाडाआधी सावलीचा विचार दिसतो. गल्ल्या अरुंद, उन्हाच्या दिशेला तिरक्या, म्हणून भिंतीच एकमेकींवर सावली धरतात. अशा सावलीत लावलेल्या रोपाला पाणीही कमी लागतं.

सध्याच्या आराखड्यात मी हिरवळ एकाच ठिकाणी ठेवली आहे, इमारतीच्या दुपारच्या सावलीत. बाकीच्या जागेत गाफ, आणि प्रत्येक झाडापुढे नळी किती महिन्यांनी किती सरकवायची याचा तक्ता. ‘मग फोटोत हिरवं काय दिसणार?’ असा प्रश्न आला. पुढच्या बैठकीला त्या पडलेल्या गाफच्या मुळांचा फोटो घेऊन जाणार आहे.